त्रिफोनची जीभ

"हसू नका!" त्रिफोन खाटीक ओरडला. "नायदेनने कॅमेरा काढलाय. कुणीही हसू नका!"

रविवारी डोंगर चढणाऱ्या मंडळाच्या सभासदांनी पटापट तोंडं वाकडी केली. औषधवाल्या बाईंनी डोळे घट्ट मिटले. शाळेच्या माजी मुख्याध्यापकांनी गाल फुगवले आणि श्वास रोखून धरला. त्रिफोनने नेहमीप्रमाणे जीभ बाहेर काढली, थेट हनुवटीपर्यंत. सगळ्यांच्या मागे दरीभर धुकं पसरलं होतं आणि वरून ऊन पडल्यामुळे ते आतून पेटल्यासारखं दिसत होतं. असा उजेड वर्षातून एखाद्या रविवारी मिळतो. नायदेन एक गुडघा टेकून बसला होता. त्याच्या डोक्यावर बायको छत्री धरून उभी होती, भिंगावर ऊन येऊ नये म्हणून.

"अरे, एकदा तरी माणसासारखे उभे राहा," नायदेन म्हणाला.

"माणसासारखे उभे राहिलेले सगळे खांबावर गेले," त्रिफोनने तेवढ्यापुरती जीभ आत घेऊन सांगितलं आणि पुन्हा बाहेर काढली.

त्यात खोटं काही नव्हतं. गावात माणूस गेलं की त्याचा कागद निघतो. काळी चौकट, वर फोटो, खाली नाव, वय आणि दुःखाच्या चार ओळी. तो घराच्या फाटकावर लागतो, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर, पाववालीच्या काचेवर. चाळिसाव्या दिवशी नवा लागतो, सहा महिन्यांनी आणखी एक, मग दरवर्षी, घरच्यांचा उत्साह आणि चिकटपट्टी टिकेपर्यंत. बल्गेरियातल्या कुठल्याही लहान गावासारखं इथेही पाव आणायला निघालेल्या माणसाला वाटेत जिवंत ओळखीचे कमी आणि बाकीचे जास्त भेटतात.

अडचण फोटोची. गावातल्या माणसाचे आयुष्यात दोनच फोटो व्हायचे. एक लग्नातला, ज्यात तो दुसराच कुणीतरी असायचा, आणि एक ओळखपत्रावरचा, ज्यात तो चोर दिसायचा. तिसरा असलाच तर नायदेनने काढलेला. रविवार, डोंगर, शर्टाचं वरचं बटण उघडं, तोंडभर हसू. साहजिकच कुणी गेलं की त्याचा मुलगा टोपी हातात धरून नायदेनच्या दारात उभा राहायचा. "नायदेनकाका, त्या धुक्यात आमचे बाबा होते ना?"

बाबा असायचेच. नायदेन न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावायचा, लाल दिवा पेटवायचा आणि धुकं कापून टाकून फक्त बाबा छापून द्यायचा.

खरं तर त्याला धुकंच हवं असायचं. पोटासाठी तो पाणीखात्यात मीटर वाचायचा, पण जीव गुंतलेला हवामानात. धुकं, हिव, आलुबुखाराच्या झाडांवर पडलेल्या गारा, वादळाआधीचं पिवळं आभाळ. माणसं तो चौकटीत घ्यायचा ती मापासाठी. समोर माणूस असला की धुकं किती दाट आहे ते कळतं. एकदा वाचनालयाच्या सभागृहात त्याचं प्रदर्शनही झालं. गाव लोटलं. लोकांनी भिंतींकडे पाठ करून चीज भरलेली बानित्सा खाल्ली आणि घरी गेले. "छान" असं एकही माणूस म्हणाला नाही. बायको, म्हणजे स्तोयना, तिचं मत ठरलेलं होतं: "धुकं मला खिडकीतूनही दिसतं. तू त्याला कडा लावतोस, एवढंच."

खांबांवरचं प्रदर्शन मात्र बारा महिने चालू होतं. त्यावर छायाचित्रकाराचं नाव नसायचं.

मग एका सकाळी बसथांब्यावर उभ्या असलेल्या कुणाच्या तरी लक्षात आलं, की भिंतीवरची ही सगळी मंडळी एकाच डोंगरावर हसतायत. तिथून पुढे गावाने ठरवलं. नायदेनच्या फोटोत चांगला आलास की गेलास.

"अरे, वाईट आलेलेही मरतात," नायदेनने समजावून पाहिलं.

"मग तू कसा जिवंत?" त्रिफोनने विचारलं.

"मी कॅमेऱ्यामागे असतो."

"बघा!" त्रिफोन सगळ्यांकडे वळून म्हणाला.

त्रिफोन गेला एप्रिलमध्ये. दुकानात अर्धा डुक्कर आकड्याला लावता लावता खाली बसला तो बसलाच. संध्याकाळी त्याची बायको गेना आली. नायदेनने फिल्मच्या सगळ्या पट्ट्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढल्या आणि स्तोयना एकेक पट्टी खिडकीशी धरून भिंगातून पाहू लागली.

"शिखरावर जीभ," ती म्हणाली. "झऱ्यापाशी जीभ. इथे तोंडात सूप आहे, तरी जीभ. कसं जमवलं असेल गं?"

"मेला सावध फार," गेना डोळे पुसत म्हणाली. "ओळखपत्रावरचा आहे, पण त्यात चोर दिसतो. खाटकाने चोर दिसून कसं चालेल? वजनाचा धंदा आमचा."

"आणि लग्नातला?"

"त्यात केस आहेत. लोक विचारतील, हा कोण गेला?"

मग गेनाने शिखरावरच्या फोटोवर बोट ठेवलं. "हाच द्या. निदान हा तोच आहे."

दुसऱ्या दिवशी गावभर कागद लागले. 'अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की', आणि वर त्रिफोन, जीभ हनुवटीपर्यंत. पाद्र्याने दोनदा छातीवर क्रूसाची खूण केली. वाटेने जाणारे पुरुष रीतीप्रमाणे टोपी काढत आणि लगेच ती तोंडावर धरत.

अंत्यविधीहून परतताना स्तोयनाचा धीर सुटला. पाववालीच्या खिडकीतून त्रिफोनने जीभ दाखवली आणि ती हसायला लागली. आवरेना. शेवटी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली, पोट धरून. नायदेन छत्री घेऊन शेजारी उभा. हसू संपलं तरी ती उठली नाही.

"दम लागला," ती म्हणाली.

हसण्यानेच लागला असेल असं दोघांनाही वाटलं. जूनपर्यंत वाटत राहिलं.

जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो काढला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला. डाव्या हाताने, अंगठा कडेवर, ठसा उमटणार नाही अशा बेताने. नायदेन पट्ट्या अशाच धरायचा. डॉक्टर एका जागी जरा जास्त वेळ थांबले. नायदेनही कुठल्याही पट्टीवर उगाच इतका वेळ थांबत नसे.

"फोटो स्वच्छ आलाय," डॉक्टर म्हणाले. पुढचं त्यांनी आधी नायदेनच्या बुटांना सांगितलं आणि मग त्या दोघांना.

परतीच्या बसमध्ये स्तोयना तिकिटाची घडी घालत उलगडत राहिली. गाव जवळ आलं तसं म्हणाली, "माझा एक काढ."

"काय?"

"फोटो. आणखी काय काढणारेस? इतकी वर्षं झाली, माझा एक नाही तुझ्याकडे."

"असं कसं? खोकीच्या खोकी आहेत."

"त्यात मी छत्री आहे," स्तोयना म्हणाली.

घरी जाऊन त्याने खोकी उपसली. ती म्हणत होती ते खरं होतं. गारांच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात छत्रीची एक काडी. हिवात तिची सावली, त्याच्या सावलीला चिकटलेली. एका वादळात तिचा अंगठा. बाकी सगळीकडे ती चौकटीच्या हातभर बाहेर उभी होती, त्याला पाऊस लागू नये म्हणून.

"ओळखपत्रावरचा लावू नकोस," ती रोज म्हणायची. "आणि जीभ मी काढणार नाही. त्रिफोनची सर मला यायची नाही."

"आज उजेड नाही," नायदेन म्हणायचा. दुसऱ्या दिवशी उजेड असायचा, तेव्हा तो फार कडक असायचा. जुलै असा गेला. आभाळात रोज काही ना काही खोट निघत होती. फोटोने माणूस मरतं यावर त्याचा विश्वास नव्हता. गावभर मीटर वाचत फिरणारा माणूस तो, आकड्यांवर विश्वास ठेवणारा. तरी हात कॅमेऱ्याकडे जाईना.

शेवटी एका सकाळी ती निळं स्वेटर घालून, केस विंचरून अंगणातल्या बाकावर जाऊन बसली. "आता आभाळाला नावं ठेवलीस तर मी स्टुडिओत जाईन," ती म्हणाली. गावात स्टुडिओ नव्हता, पण धमकी खरी होती.

मग नायदेनने ठरवलं, वाईट काढायचा. इतका वाईट की लावताच येणार नाही. त्याने मुद्दाम भिंग चुकीचं फिरवलं. एकदा बोट मध्ये आणलं. एकदा तिला सूर्याकडे पाठ करून बसवलं, जे शाळकरी पोरही करत नाही. एकदा कॅमेरा तिरका धरून दुसरीकडे बघत दाबला.

रात्री जेवण झाल्यावर न्हाणीघरात बादलीवर बसून त्याने कागद रसायनाच्या पाण्यात सोडले, आणि एकेक स्तोयना वर यायला लागली. अस्पष्ट होती ती जाईच्या वासासारखी मऊ दिसत होती. बोट मध्ये आलं होतं तिथे दाराची कमान झाली होती आणि ती उंबऱ्यात बसली होती. सूर्य मागे होता त्यात तिचा केस न केस पेटला होता. तिरका तर सगळ्यांत सुरेख. आयुष्यभर चांगला फोटो काढायला धडपडला तेव्हा गावाने पाठ फिरवून बानित्सा खाल्ली, आणि आता वाईट काढायचा तर त्याला तोही जमेना. तो बादलीवर तसाच बसून राहिला.

"रोल फुकट गेला," सकाळी तो म्हणाला. "उजेड शिरला आत."

"असं?" स्तोयना म्हणाली. "आत्ताच तोंड धुऊन आले. दोरीवर मला वाळत घातलंय, तुझ्या मोज्यांशेजारी."

नायदेनने मोजे तेवढे काढून आणले.

"चांगले आलेत रे," ती म्हणाली. "पण त्यात मी कुठेय? त्यातली बाई धुकं आहे. तुला धुकंच काढता येतं. हे खांबावर लावलंस तर लोक म्हणतील, कुणीतरी संत बाई गेली. पाववाली मेणबत्ती लावायला यायची."

"मग नाही लावणार," नायदेन म्हणाला. "कुणाचंच काही लावणार नाही."

"लावशील," ती म्हणाली आणि त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं.

सप्टेंबरात गावभर भाजलेल्या मिरच्यांचा वास सुटतो. लांबट, लाल, गोड मिरच्या. भाजायच्या, सोलायच्या, हिवाळ्यासाठी बरण्यांत भरायच्या. त्या वर्षी स्तोयनाने खुर्चीतूनच कारभार चालवला. पायांवर घोंगडी, हातात लाकडी चमचा, तो फक्त दिशा दाखवायला. चुलीपाशी नायदेन. गळ्यात कॅमेरा; त्याच्या तो लक्षातही नव्हता.

"इतक्या कशाला भाजायच्या?" त्याने विचारलं. "दोघांना काय लागतात?"

"तुला लागतात. फेब्रुवारीत काय खाशील, मीटर?"

तो मागे वळून तिच्याकडे बघत राहिला. ती पुढच्या बरण्यांचा हिशेब मनात करत होती, ओठ हलत होते. मग तिचं नाक आधी हललं, मान गर्रकन चुलीकडे वळली, भुवया वर गेल्या.

"अरे जळल्या! नायदेन, गाढवा, मिरच्या!"

आणि ओरडता ओरडता तिला हसू फुटलं. ते दाबायला तिने ओठ मिटले, तेवढ्यात खटका दाबला गेला. बोट त्याचंच होतं, पण त्याने नायदेनला विचारलं नव्हतं.

नायदेनने जळक्या मिरच्या चुलीवरून खाली ओढल्या.

"आला?" तिने विचारलं.

"आला."

"मिरच्या गेल्या पण."

न्हाणीघरात जाऊन बघायची गरज नव्हती. तो चांगला आला होता.

पहिलं हिव पडलं त्याच आठवड्यात स्तोयना गेली. कागद छापणाऱ्या ओग्न्यानाने फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "अगंबाई, किती छान आलीय." हे वाक्य ऐकायची नायदेनला सवय नव्हती.

"उजेड चांगला होता," तो म्हणाला.

कागद, प्लास्टिकची पाकिटं आणि चिकटपट्टी घेऊन तो निघाला. फाटकावर लावला. खांबांवर लावत गेला. लोक थांबत, टोपी काढत.

"छान आलीय हो," मुख्याध्यापक म्हणाले.

"उजेड चांगला होता."

"अगदी हुबेहूब," पाववाली म्हणाली. "आत्ता मला पाव जळका आहे म्हणून बोलेल, अशी. कुणी काढला?"

"मी."

"तुम्ही असाही फोटो काढता?" तिने इतक्या आदराने विचारलं, की नायदेनने दोन पाव जास्तीचे घेतले. ते कुणासाठी, हे त्याला रस्त्यावर आल्यावर कळेना.

बसथांब्यापाशी पोचेपर्यंत पाऊस भुरभुरायला लागला. त्याने छत्री उघडली. छत्री धरली की चिकटपट्टी फाडता येईना, चिकटपट्टी फाडायची तर छत्री धरता येईना. इतकी वर्षं पावसात हे सगळं कसं जमत होतं याचं त्याला जरा वेळ नवल वाटलं. मग आठवलं, हात चार होते.

त्याने छत्री मिटून बाकावर ठेवली. थांब्याची भिंत जवळजवळ भरली होती. एकच जागा मोकळी होती, त्रिफोनच्या उजवीकडे. गेनाने त्याचा सहामाहीचा नवा कागद कालपरवाच लावला होता. मजकूर बदललेला, जीभ तीच. नायदेनने स्तोयनाचा कागद तिथे धरून पाहिला. तिची मान डावीकडे वळलेली, भुवया वर, ओठ मिटलेले. ती त्रिफोनकडे बघत होती आणि हसू दाबत होती.

मागे दरीतून धुकं वर चढत होतं, दाट आणि उजळ. नायदेनने वळून पाहिलं नाही. त्याने कागद बोटभर खाली सरकवला, म्हणजे नजर बरोबर जिभेवर पडेल, आणि चारही कोपऱ्यांना पट्टी लावली.