मुंगीवर टाकलेलं काम

जिना चढता चढता मिस्त्रीनं तीनदा वाक्य जुळवलं आणि तीनदा मोडलं. दवाखान्यातून तो सरळ घरी आला होता. बारा दिवस तिथं पडून असलेली त्याची बायको त्या सकाळी गेली होती, आणि ते पोरींना सांगायचं होतं.

दार उघडंच होतं. धाकटी पलंगावर उभी राहून, कंगवा तोंडाशी धरून शेजारच्या काकूंना बातम्या देत होती.

"आजच्या ठळक बातम्या. आमच्या घरातला एक दात पडला आहे. तो सापडत नाही. मुंगीवर संशय आहे!"

सहा वर्षांची ही पोर जन्मली तीच मोठ्यानं ओरडत, म्हणून तिचं नाव पडलं भोंगा. थोरली मुंगी नऊ वर्षांची. ती पलंगाखाली पालथी पडून तोच दात शोधत होती. सापडला असता तरी बोलली नसती, नुसता आणून ठेवला असता.

"बाबा, आई कधी येणार? तिला माझं भगदाड दाखवायचंय!" भोंग्यानं आ वासला.

मिस्त्री कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या चाळीस मशिनी सांभाळायचा. मशीन अडलं की नुसत्या आवाजावरून काय बिघडलं ते सांगायचा. इथं त्याचं वाक्य चौथ्यांदा मोडलं. त्यानं मुंगीला स्वयंपाकघरात बोलावलं.

"आई गेली," तो म्हणाला. "आज सकाळी."

मुंगी ओट्याकडे बघत राहिली. पलंगाखालची धूळ हाताला लागली होती, ती तिनं फ्रॉकला पुसली.

"भोंग्याला तू सांग. तू शहाणी ना माझी?"

"कसं सांगू?"

"तुला जमेल तसं."

एवढं बोलून तो न्हाणीघरात शिरला, आतून कडी घातली आणि नळ सोडला. नळ सोडूनही धाकटीची किंकाळी ऐकू आलीच. ती थांबेपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पुढं भेटायला येणारी माणसं म्हणायची, "थोरली किती समजूतदार हो! धाकटीला तिनंच सावरलं." मिस्त्री मान डोलवायचा. डोलवताना लाज वाटायची, पण डोलवायचा.

दिवस जाऊ लागले. भोंगा रडायला लागली की गल्ली गोळा व्हायची, आणि दहा मिनिटांत तीच गल्लीला हसवायची. दुकानदाराला ती न विचारता सांगायची, "आमच्या बाबानं काल दूध जाळलं, भांडं लपवलं आणि म्हणाला, कुणाला सांगू नका." मागं उभी असलेली मुंगी तिच्या बुटाची नाडी बांधायची आणि हळूच चिमटा काढायची. शाळेला निघताना गॅस बंद आहे ना ते मुंगी दोनदा बघायची. भोंगा तेवढ्यात तिच्या दप्तरात आपलं दप्तर कोंबून मोकळी. मुंगीला रडताना मात्र कुणी पाहिलं नाही. मिस्त्रीनं विचारलंही नाही.

पाच महिन्यांनी शाळेतून बोलावणं आलं. तो कामाच्या कपड्यांतच गेला. मुंगीच्या बाई हसून म्हणाल्या, "घाबरू नका, कौतुकच करायचंय. वर्गात कुणाला काही वाईट कळवायचं असलं की मुलं हिलाच पुढं करतात. परवा एकाचं नाव सहलीच्या यादीत नव्हतं. हिनं त्याला आधी खाली बसवलं, पाणी दिलं, दोन्ही हात धरले, मग सांगितलं. त्याचं रडून होईपर्यंत हात सोडले नाहीत. मोठ्यांना जमत नाही हो हे. कुठं शिकली ही?"

मिस्त्रीचे कान तापले. बोटांच्या पेरांतलं मशीनचं तेल तो नखानं खरवडू लागला.

"तिच्या आईचं वळण," तो म्हणाला.

मेलेल्या बायकोच्या आडही तो लपला.

फाटकाबाहेर दोघी उभ्या होत्या. भोंग्याला दम नव्हता.

"बाबा, काय केलं हिनं? बाई रागावल्या?"

"नाही. म्हणाल्या, मुंगी फार छान समजावून सांगते."

"छान?" भोंगा रस्त्यातच उभी राहिली. "चोंबडी आहे ती! तिलाच सगळं आधी सांगायचं असतं. आईचं पण बाबाच सांगणार होता ना? मग तू का मध्ये घुसलीस गं?"

"कोण म्हणालं तुला?" मिस्त्रीनं विचारलं.

"हीच! मी विचारलं, बाबा कुठाय, तो का नाही सांगत? तर म्हणते, बाबा सांगायलाच येत होता, मीच म्हटलं मला सांगू दे." भोंग्याचा आवाज चिरकला. "बाबा, मला तुझ्याकडून ऐकायचं होतं. मी तुझ्या मांडीवर बसून रडले असते. हिच्या मांडीत मी मावत पण नाही."

"बरं, चुकलं माझं," मुंगी म्हणाली. "बाजूला हो, सायकल येतेय."

बापाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

सायकल निघून गेली. मिस्त्री म्हणाला, "भोंग्या..."

"काय?"

दोघी थांबल्या. मुंगीनं खांद्यावरचे दप्तराचे पट्टे घट्ट धरले.

"काही नाही. हात धर, रस्ता ओलांडायचाय."

भोंग्यानं त्याचा हात धरला. मुंगी मागून आली, दोघींची दप्तरं घेऊन.

या गोष्टीला आता दीड वर्ष होईल. भांडण झालं की भोंगा अजून बहिणीला तेच ऐकवते, आणि मुंगी ऐकून घेते. आई गेली त्या दिवशी कोण घाबरलं होतं, हे भोंग्याला सांगायचं मिस्त्रीचं राहिलंय. मुंगीची माफी मागायचीही राहिलीय.