सांधा बोलता कामा नये

चातुर्मासात मी जेवताना बोलत नाही. आईचा नेम होता, तो तिच्यामागे मी घेतला. पहिला घास तोंडात गेला की हात धुवेपर्यंत मौन, आणि चुकून शब्द गेलाच तर ताटावरून उठायचं. त्या दिवशी पुन्हा जेवायचं नाही.

लग्न होऊन मरोळला आले तेव्हा ह्यांना ह्या नेमाची फार गंमत वाटायची. "चार महिने तरी बायको ऐकून घेते," असं शेजाऱ्यांना सांगायचे. मी जेवत असायची आणि हे बोलत असायचे. गाळ्यात कोण आलं, कुणाचा पत्रा वाकडा कापला गेला, शेजारच्या गाळ्यातला दादू कुणाशी भांडला. एरवी मितभाषी माणूस, पण माझ्या मौनात त्यांना कंठ फुटायचा. चातुर्मासातली ती जेवणं मला वर्षभर पुरायची.

ह्यांचं, म्हणजे जयवंतांचं, काम तांब्या-पितळेच्या पत्र्याचं. आधी भांड्यांच्या कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर औद्योगिक वसाहतीत मागच्या बाजूचा छोटा गाळा घेतला. तिथे हे ड्रम करायचे. ड्रमच्या संचात वाजवणाऱ्याच्या दोन मांड्यांमध्ये असतो तो बसका ड्रम, खाली ताणलेल्या पानाला तारा लावलेल्या, त्यामुळे काठी पडली की सळसळून बोलतो. पोरं त्याला स्नेअर म्हणतात, मिरवणुकीतले बेंजो पार्टीवाले साइड म्हणतात. ह्यांच्या तांब्याच्या स्नेअरला लांबून लोक यायचे.

ते काम मी वाती वळत बसून कितीतरी वेळा पाहिलंय. पत्र्याची पट्टी कापायची, गोल वळवायची, दोन टोकं झाळून जोडायची. मग भट्टीत लाल करून पाण्यात बुडवायची, की तांबं मऊ पडतं. मग ठोकणं. लोखंडी ठोकळ्यावर फिरवत फिरवत, हलक्या हाताने, सगळीकडे सारखं. एक फेरा झाला की हे ते कडं अंगठ्यावर टांगायचे आणि टिचकी मारत कान लावायचे. कुठेही मारली तरी एकच सूर यायला हवा. जोडाजवळ पत्रा जाड राहिला तर तिथे ठस आवाज येतो. "सांधा दिसला तर चालेल," हे म्हणायचे, "सांधा बोलता कामा नये."

त्या ठोकण्यानेच ह्यांचे कान गेले. हळूहळू गेले, त्यामुळे आम्हा दोघांनाही बराच काळ वाटत राहिलं की समोरचाच हळू बोलतोय. कानाचं मशीन आणलं, पण त्यातून सगळं पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं येतं म्हणून ते डबीतच राहिलं. माझ्या ओठांवरून हे समजून घ्यायचे. भांड्यांची डागडुजी, देवळाच्या कळसांना पॉलिश अशी कामं चालू राहिली. ड्रम बंद झाले.

मग ह्या श्रावणात श्रुतिका आली. बोरिवलीची मुलगी, कॉलेजात असताना ह्यांच्याकडून पहिला ड्रम घेऊन गेली होती, आता कार्यक्रमांतून वाजवते. मढच्या एका बंगल्यातल्या कार्यक्रमानंतर सामान टेम्पोत चढवताना तो ड्रम कुणीतरी उचलून नेला.

"काका, मला तसाच हवाय. दुसरा कुठलाच हाताला लागत नाही हो."

हे तिच्या ओठांकडे बघत होते. मी नको म्हणून मान हलवणार तेवढ्यात म्हणाले, "करतो."

घरी येताना मी विचारलं, "अहो, कसं जमेल?"

"बोटांनी. टिचकी मारली की बोटाला कळतं."

"मी येऊन बसते ना. मी ऐकून सांगते कुठे ठस येतंय ते."

"तुझ्या कानांनी केला तर तो तुझा ड्रम झाला, प्रेमा." मग थांबून म्हणाले, "माझे हात अजून चालतात का, तेवढं मला बघायचंय. झाला की एकदाच सांग. नीट वाजला तर करत राहीन. नाही वाजला तर गाळा सोडतो. पण खरा सांग गो." कळवळून बोलायचं झालं की ह्यांच्या तोंडी मालवणी येते.

"रोज देवासमोर बसते मी. तुम्हाला खोटं सांगेन?"

त्यानंतर मी रोज डबा घेऊन जायची आणि मुद्दाम बाहेरच्या पायरीवर बसायची, कान दुसरीकडे लावून. दादू येता-जाता थट्टा करायचा. "काय वहिनी, नवरा आत तांब्याशी गुलुगुलु बोलतोय आणि तुम्ही बाहेर? लक्ष ठेवा हां!" हसायची मी. पण खरं म्हणजे कितीतरी दिवसांनी हे शीळ घालत होते. शीळ बेसूर होती, त्यांना ते कळत नव्हतं.

रविवारी सकाळी श्रुतिका आली. ह्यांनी ड्रम फडक्याने पुसून स्टँडवर ठेवला. हातोडीच्या खुणा एकसारख्या, माशाच्या खवल्यांसारख्या चमकत होत्या. तिने आधी नुसता हात फिरवला, मग काठ्या घेतल्या. मधोमध वाजवलं ते छानच होतं. मग हात कडेकडेने फिरला आणि जोडाजवळ आला.

ठस.

ती पुढे गेली, पुन्हा तिथेच आली. दुखऱ्या दातावर जीभ जाते तशी काठी तिथेच जात होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वातींकडे पाहिलं. मग ती तोंडभर हसली, अंगठा वर केला आणि ह्यांना दिसेल असं ठळक बोलली, "झकास, काका! अगदी तसाच!"

हे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले, पण तेवढ्यात मी पिशवी आवरायला खाली वाकले होते.

मी तिला पोचवायला जिन्यापर्यंत गेले तेव्हा श्रुतिकाने ड्रम छातीशी धरला होता. "काकू, काकांना ऐकू येत नाही ना आता?"

मी मान डोलावली.

"मला आधी कळलं असतं तर... पण मला हाच हवाय हं. त्यांना काही सांगू नका. प्लीज ना, काकू."

घरी येताना हे विचारतील म्हणून मी वाटेत दोनदा थांबले, हे पुढे चालत राहिले. घरी आल्यावर मी नैवेद्य दाखवला, पानं वाढली. काळ्या वाटाण्याची आमटी केली होती, ह्यांची आवडती. देवाला हात जोडून मी पहिला घास घेतला.

तेव्हा हे म्हणाले, "काय गो, कसा वाजला?"

माझा हात ताटातच राहिला. इतक्या वर्षांत माझ्या मौनात हे खूप बोलले होते, पण प्रश्न कधी विचारला नव्हता. आणि आता विचारून माझ्या ओठांकडे बघतही नव्हते. ताटातला भात कालवत होते.

"पोरगी खूश होऊन गेली," आमटीकडे बघत म्हणाले. "त्या बेंजो पार्टीवाल्या नितेशला गणपतीआधी दोन साइड हव्यात. उद्या पत्रा बघून येतो. तुला काही वावगं वाटलं नाही ना? नाही. वाटलं असतं तर बोलली असतीस."

मला सगळं कळलं. गप्प राहिले असते तर नेमही राहिला असता आणि ह्यांचं मनही. पोरीनेही तेच मागितलं होतं. पण उद्या पत्रा आला असता, परवा ठोकणं सुरू झालं असतं, आणि नितेशच्या पोरांनी चारचौघांत, भर मिरवणुकीत हसून दाखवलं असतं. शिवाय मी शब्द दिला होता.

मी ह्यांच्या मनगटावर डावा हात ठेवला. ह्यांनी लगेच वर पाहिलं नाही. मी हात काढला नाही. मग पाहिलं.

"सांध्यापाशी ठस वाजतो," मी म्हणाले, आणि ताट पुढे सारलं.

ह्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"पोरीला कळलं?"

मी मान डोलावली.

"तरी घेऊन गेली?"

पुन्हा डोलावली.

"चांगली आहे पोरगी." मग माझ्या ताटाकडे बघून दचकल्यासारखे झाले. "तू जेव ना. एका शब्दाने काय होतं?"

"उठायला लागतं."

"माझ्यापायी मोडलास?"

मी मोरीकडे गेले. हे मागोमाग आले आणि माझ्या हातावर तांब्याने पाणी घातलं. बराच वेळ घालत राहिले, हात केव्हाच स्वच्छ झाला होता. त्यांचं ताटही तसंच राहिलं.

नितेशला नाही म्हणून कळवलं. घटस्थापनेआधी गाळा सोडला. ठोकळा दादूने मागून घेतला.

परवा श्रुतिकाने पवईच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. हे फोन तळहातावर ठेवून, मागून बोटं लावून बघत होते. माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं, ह्यांचं ड्रमकडे.

"सांधा पलीकडे फिरवून ठेवलाय बघ तिने," हे म्हणाले. "काठी जाऊ नये म्हणून."

आणि फोन माझ्या हातात दिला.

माझा नेम मी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा धरला. दुपारी पानं वाढते, पहिला घास घेते आणि सवयीने वर बघते. हे खाली मान घालून जेवतात. आमटी हवी असली तर वाटी पुढे करतात. माझं मौन कार्तिकी एकादशीला सुटेल.