प्लांकचा लेक

एगिड मोसबाउअरने उमेदीची सगळी वर्षं व्हिएन्नाच्या रंगभूमीवर भालदार, चोपदार नाहीतर दूत होऊन काढली. "महाराज, शत्रू वेशीपाशी आला" एवढं म्हणायचं आणि विंगेत परतायचं. आवाज मात्र खर्जातला, भरदार. आपला आवाज राजाचा आणि बाकी सगळा ऐवज चोपदाराचा, असं तो स्वतःच सांगत फिरे, म्हणजे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

उतारवयात या आवाजाला टीव्हीवर काम मिळालं. थेट प्रक्षेपण चालू असताना पडद्यावर काय चाललंय, ते अंध श्रोत्यांना सांगायचं. समालोचक श्वास घ्यायला थांबले की तेवढ्या फटीत आपलं वाक्य सरकवायचं. नियम एकच: दिसेल तेवढंच बोलायचं, पदरचं घालायचं नाही. सोबत रोस्विता असे, आळीपाळीने बोलायला. तिचं वाक्य चार शब्दांत संपे. एगिडचं वाक्य कुठे संपेल याचा त्यालाही पत्ता नसे.

त्याला चष्मा लागला होता, पण तो कोटाच्या खिशातच राही. चष्म्यात आपण घुबडासारखे दिसतो, असं त्याला वाटे. ज्याचे श्रोते त्याला पाहूच शकत नाहीत, त्याने दिसण्यापायी चष्मा टाळावा यातली गंमत त्याला कळत नव्हती असं नाही. कळत होतं, वळत नव्हतं.

जानेवारीत टिरोलच्या डोंगरात स्कीची मोठी शर्यत होती. नेमकं धुकं उतरलं. शर्यत खोळंबली, प्रक्षेपण मात्र चालू. समालोचकांनी वेळ काढायला लोइस प्लांकला बोलावलं. हा एके काळचा विजेता, आता खानावळ चालवतो. एगिडने वर्णन केलं: लालबुंद गाल, स्वेटर पोटावर ताणलेला, हातात चहाचा मग. मग पडद्यावर पुन्हा धुकं. एगिडने ते आधी दुधासारखं म्हटलं, मग पिठासारखं, मग ओल्या लोकरीसारखं. रोस्विताने त्याचा माईक क्षणभर बंद करून सांगितलं, "एगिड, धुकं म्हण आणि गप्प बस." आणि माईक पुन्हा चालू करून ती कॉफी आणायला गेली.

तिची पाठ वळली आणि पडदा लख्ख झाला. निळं आकाश, लाल पोशाखातला गडी उतारावरून सुसाट, कानात समालोचकांचा आरडाओरडा. खाली ठळक अक्षरांत नाव होतं, तेवढं एगिडला वाचता आलं: लोइस प्लांक. क्षणभर तो बुचकळ्यात पडला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बापाचं नाव पोराला ठेवलेलं असणार, टिरोलमध्ये त्यात नवल ते काय.

"धुकं फाटलंय!" तो राजाच्या आवाजात म्हणाला. "बाप तिकडे चहा पितोय आणि लेक इकडे कड्यावरून झेपावतोय! डावं वळण. बर्फाचा फवारा. एक पाय हवेत. हात टेकला, तोल जातोय..."

रोस्विता कॉफी घेऊन आत आली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग एगिडकडे, आणि पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. एगिडने काचेला नाक लावलं. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: जुन्या संग्रहातून.

तो थांबला. त्याच्या वर्णनातला गडी तसाच हवेत राहिला. माईक बंद करून पळून जावं असं त्याला फार वाटलं. पण माईकची कळ रोस्विताच्या हाताखाली होती आणि तो हात ढिम्म हलेना.

"श्रोतेहो," तो म्हणाला, "आत्ता दिसतंय ते जुनं आहे. बरंच जुनं. प्लांकसाहेबांना मुलगा आहे की नाही, मला ठाऊक नाही. टिरोलमध्ये धुकं आहे."

शर्यत रद्द झाली. आता आपली नोकरीही त्याच वाटेने जाणार, असं धरून एगिड दुसऱ्या दिवशी श्रोत्यांचे फोन घ्यायला बसला. एकाने विचारलं, हा मुलगा प्लांकच्या बायकोला माहीत आहे का. दुसरा नुसताच हसत राहिला आणि फोन ठेवून दिला. मग टिरोलमधल्या लांडेकहून ओटिलिए त्सांगर्ल नावाच्या बाईंचा फोन आला. एगिडने माफीचं भाषण सुरू केलं, तेही लांबलं.

"माफीचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही मधेच थांबलात."

"अहो, पण ती शर्यत जुनी आहे, बाई. प्लांक जिंकला ते सगळ्या देशाला ठाऊक आहे."

"जिंकला ते मलाही ठाऊक आहे. कसा जिंकला ते कुणी सांगितलं नाही. तेव्हा असलं वर्णन कुठे होतं? आमचे हे टीव्हीपुढे बसायचे आणि मला ऐकू यायचं 'आई गं', 'अरे अरे', 'वा'. काय झालं विचारलं तर म्हणायचे, थांब, नंतर सांगतो. ते गेले, ते सांगणंही गेलं. तुम्ही त्या माणसाला हवेत सोडलंय, त्याला खाली आणा."

एगिडने संग्रहातून ती फीत काढून घेतली आणि चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिली. शनिवारी तो गाडीने लांडेकला गेला. तिथल्या एका खानावळीच्या मागच्या खोलीत त्सांगर्लबाई आणि त्यांची मंडळी चीजच्या गोळ्यांचं सूप घेत बसली होती. सगळेच न पाहणारे. एगिड उभा राहिला, घसा खाकरला आणि सुरुवातीच्या फाटकापासून निघाला. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने लगेच अडवलं, "उपमा नकोत, पाय कुठे ते सांगा." मग त्याने पाय सांगितले, गुडघे सांगितले, वळणाआधी वजन कुठे होतं ते सांगितलं. हवेतला पाय खाली आला, टेकलेला हात बर्फावरून सुटला, गडी झाडीतून सरळ शेवटच्या उतारावर गेला. त्सांगर्लबाईंचा चमचा वाटीतच राहिला होता.

संपल्यावर टाळ्या पडतील असं त्याला उगाच वाटलं. नटाची जित्याची खोड. कुणी वाजवल्या नाहीत. बाईंनी हलकेच मान डोलावली आणि सूप खायला लागल्या.

"ऊन कुठल्या बाजूने होतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

एगिडच्या ओठांवर सोनेरी किरणांचं एक वाक्य तयार होतं. त्याने ते गिळलं. "ते मी पाहिलं नाही," तो म्हणाला.

"बरं," म्हातारा म्हणाला आणि मीठ मागितलं. एगिडने त्याच्या हाताशी मिठाची बरणी ठेवली, खुर्ची ओढली आणि त्यांच्यात बसला.