उशाशी टांगलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, पण कागद-कापडाच्या वाटेला मी कधी गेले नाही. मी तोंडातली तार कापते. अस्सल पोलाद, चोच आखूड, दांडे लांब आणि नाकावर थोडा राग. नोकरीला होते जबड्याच्या डॉक्टरीणबाईंकडे.

लोक त्यांना दात उपटणारी बाई समजतात. एक रंगारी शिडीवरून तोंडावर पडला, तेव्हा त्याचे वडीलही कुरकुरले, "हाड मोडलंय, आणि दातवालीकडे कसलं पाठवता?"

बाई म्हणाल्या, "बाबा, जबडा, गालाचं हाड, डोळ्याखालची कड, सगळं आमच्याकडेच येतं. हाड केसभर वाकडं बसलं, तर दातावर दात येणार नाही. मुलाला जन्मभर घास चावता येणार नाही."

त्यांनी हाड बसवलं आणि रंगाऱ्याचे वरचे दात खालच्या दातांशी तारांनी घट्ट बांधले. सहा आठवडे तोंड बंद. बोलणं पाटीवर, जेवण नळीनं. घरी सोडताना बाईंनी मला त्याच्या बायकोच्या हाती दिलं.

"ही कायम याच्या उशाशी. उलटी झाली तर तिला बाहेर यायला वाट नाही, ती श्वासात जाईल. मान खाली वाकवायची आणि या चार उभ्या तारा कापायच्या. माझी वाट बघत बसायचं नाही."

त्यांनी ते तिच्याकडून चारदा म्हणून घेतलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

रंगाऱ्याच्या घरी मी उशाजवळच्या खिळ्याला लटकले. दहा दिवस मला एकही काम पडलं नाही, आणि तेच माझ्या मुळावर आलं. रंगाऱ्याच्या वडिलांना, म्हणजे म्हातारबाबांना, हातावर हात धरून बसवत नसे. गॅलरीत कपडे वाळत घालायला ते नवी तार बांधत होते. "एवढी धारदार वस्तू, नुसती लोंबकळतेय," म्हणत त्यांनी मला उचललं. ती जाड लोखंडी तार माझ्या चोचीत धरली आणि दांड्यांवर सगळा भार टाकला. तार तुटली, माझ्या पात्याला खाच पडली. मला तिथेच कठड्यावर ठेवून ते दूध आणायला गेले.

थोड्याच वेळात रंगाऱ्यानं औषध घेतलं आणि त्याला उमळून आलं. पाटीवर तो 'कात्री' लिहू लागला, पण 'का'च्या पुढे त्याचा हात चालेना. बायकोनं खिळ्याकडे हात नेला. खिळा रिकामा!

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं उशी झटकली, खण उपसले, पलंगाखाली शिरली. आतून त्याच्या घशाचा घरघर आवाज येत होता. मी इथे आहे गं, इथे, गॅलरीत, असं मला ओरडायचं होतं. पण कात्रीला कुठला आवाज? शेजाऱ्यांना हाक मारायला ती बाहेर धावली, तेव्हा मी तिला दिसले.

पहिली तार तुटली. दुसरी तुटली. तिसरीही. चौथी नेमकी माझ्या खाचेत अडकली. ती दाबतेय, मी घसरतेय, आणि त्याचा चेहरा निळा पडत चाललाय. कशाला जन्माला आले मी, असं झालं मला. तिनं मला फिरवून पात्याच्या मुळाशी तार धरली आणि दोन्ही हातांनी दाबलं. तार तुटली. तोंड उघडलं, सगळं जमिनीवर आलं आणि त्यानं श्वास घेतला. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन तिथेच बसली.

तो वाचला, पण हाड हललं होतं. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा पहिल्यापासून सहा आठवडे. बाईंनी माझ्या पात्यावरून बोट फिरवलं. "हिनं काय कापलंय?"

"माझंच चुकलं," बायको म्हणाली.

"तिचं नाही. माझं," दारातून म्हातारबाबा म्हणाले. त्यांनी गॅलरीतल्या तारेचं सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर म्हातारबाबांना बरं वाटलं असतं.

आता मी बाईंच्या खणात असते. प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना त्या माझी खाच दाखवतात. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू रिकामी टांगलेली दिसली, तर हात लावण्याआधी विचारा, ही कुणासाठी थांबली आहे?

दुसऱ्यांदा घरी सोडताना बाईंनी रंगाऱ्याच्या बायकोला नवी कात्री दिली. तिनं ती सासऱ्यांपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतला.

"मला नको, पोरी. माझ्यावर भरवसा ठेवू नकोस."

तिनं त्यांचा हात ओढला आणि कात्री त्यात ठेवली. "बाबा, आता तुमच्याइतकं हिला कोण जपणार?"