मंडळाचा उंबरा

"हा उंबरा कोणाचा?" गृहनिर्माण मंडळाच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. "इथं खूण करायची राहिलीय तुमची. जे काढायचंय ते बांधकाम मंडळाचं की भाडेकरूचं?"

पाणसळ मिस्त्रीने पेन उचललं. त्याला हे नाव पडायला कारण होतं. चाळीस वर्षं लोकांच्या फरश्या बसवल्या आणि पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आल्याशिवाय एका फरशीवरून हात काढला नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, तरी चहा येईपर्यंत टेबल कुठल्या बाजूला झुकलंय ते सांगून मोकळा व्हायचा. अशा माणसाने सरळ 'मंडळाचे' या शब्दापुढे खूण केली आणि अर्ज परत आत दिला.

खोटं होतं ते, धडधडीत खोटं. न्हाणीघराच्या दारातला तो चार इंची उंबरा त्याने स्वतःच्या हाताने घातला होता, सव्वीस वर्षांपूर्वी, मंडळाला न विचारता. आणि न विचारता केलेल्या बांधकामाबद्दल घर काढून घेता येतं, हे करारनाम्यात बारीक अक्षरांत का होईना, छापलेलं होतं. मंडळाचं घर, मंडळाचं भाडं, भिंतीत खिळा मारायचा तर मंडळाचा शिक्का. बाहेरच्या बाजारात दोन खोल्या घेण्याची ऐपत तेव्हा नव्हती आणि आता तर नव्हतीच.

पण उंबरा काढायलाच हवा होता. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको त्या उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, ती आधाराची चार पायांची चौकट धरून घरभर चालू लागली, पण ती चौकट काही त्या चार इंचांवरून आत जाईना. त्यामुळे रोज सकाळी तो तिला धरून आत न्यायचा, स्टुलावर बसवायचा आणि अंघोळ घालायचा. बायको दवाखान्यात आया होती, तीस वर्षं. किती म्हाताऱ्यांना आणि ऑपरेशनच्या पेशंटांना तिने अंघोळी घातल्या असतील याची मोजदाद नाही. आता स्वतःवर वेळ आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि पाणी संपेपर्यंत एक शब्द बोलायची नाही. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा असा की शेजारीण दार लावून घ्यायची.

"मला माझी मी अंघोळ करू दे," एकदाच म्हणाली होती. "बाकी काही नको मला."

त्याला ते लागलं होतं. फार लागलं होतं.

पंधरा दिवसांनी मंडळाची इंजिनीयरबाई पाहणीला आली. वयाने त्याच्या मुलीएवढी, हातात टेप आणि काखेत नकाशाची गुंडाळी. चहा नको म्हणाली, खुर्ची नको म्हणाली आणि तडक न्हाणीघराच्या दारात उकिडवी बसली. बायको आतल्या खोलीत पलंगावर होती. दार उघडंच होतं.

"नकाशात उंबरा नाहीये," बाई म्हणाली.

मिस्त्रीने चेहरा सपाट ठेवला. "असं कसं, मॅडम? सगळ्या घरांतनं आहे. वरती बघा, खालती बघा."

"बघूनच आले. चार घरांत आहे, अगदी असाच. भाडेकरू म्हणतात, पहिल्यापासून आहे." तिने टेप मिटवला. "म्हणजे ठेकेदाराने नकाशा सोडून काम केलं. आता इमारतीची चौकशी लावावी लागेल. ती होईपर्यंत कुणीच हात लावायचा नाही याला."

"किती दिवस चालेल चौकशी?"

"वर्ष तरी धरा. जास्तच."

वर्षभर म्हणजे तीनशे पासष्ट सकाळी, तीनशे पासष्ट वेळा भिंतीकडे वळलेलं ते तोंड. आपण केलेली खूण आपल्याच गळ्यात आली होती आणि ती सोडवणारं दुसरं कुणी नव्हतं.

बाईने उंबऱ्यावरून बोट फिरवलं. "ज्याने केलंय त्याचा हात मात्र चांगला होता. इतक्या वर्षांत एक भेग नाही. कोपरा बघा, आत्ता कापल्यासारखा."

कामाचं असं कौतुक ऐकून एरवी तो दोन दिवस जमिनीवर आला नसता. आज त्याला वाटलं, ही बाई काही बोलली नसती तर बरं झालं असतं. याच कोपऱ्याला बायकोच्या पायाचं बोट अडलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "हे काम माझं आहे."

बाईने वर पाहिलं.

"अर्जात खोटं लिहिलं मी. मंडळानं फरशी घातली तेव्हा उतार दाराकडे दिला होता. अंघोळ केली की पाणी बाहेर. मुलगी तान्ही होती आमची, तिचं अंथरूण भिजायचं. म्हणून घातला उंबरा. मग शेजारी बघायला आले, म्हणाले आम्हालाही घालून दे. सुट्टीच्या दिवशी एकेक करत अकरा घरांत घातले. तेव्हाचे भाडेकरू गेले आता, म्हणून कुणाला माहीत नाही. ठेकेदाराचा काही संबंध नाही यात. काय व्हायचं ते माझं होऊ दे, पण चौकशी नको."

"अकरा?" बाई म्हणाली.

"आणि हा धरून बारा."

"त्यांनी मनानं नाही घातला," आतून बायकोचा आवाज आला. आठ महिन्यांत इतक्या चढ्या आवाजात ती बोलली नव्हती. "मी मागे लागले होते. रोज पोरीची दुपटी पिळून पिळून माझे हात गेले होते. लिहायचं तर माझंही नाव लिहा."

मिस्त्रीने मान वळवून पाहिलं. आठ महिने तो हा उंबरा एकट्याच्या छातीवर घेऊन झोपत होता. ती मागे लागली होती, हे तो विसरूनच गेला होता. तिने मात्र ते ध्यानात ठेवलं होतं, आणि पडली त्या दिवसापासून एकदाही त्याला बोल लावला नव्हता. त्याला एकदम भरून आलं, आणि परक्या बाईसमोर नको म्हणून तो खिशात पाणसळ चाचपत राहिला.

इंजिनीयरबाई आता खुर्चीवर बसली. बराच वेळ लिहीत होती. मग म्हणाली, "नियम सांगते. तुमच्या अर्जाला परवानगी मिळणार नाही. मंडळाचं नसलेलं बांधकाम काढायला मंडळ परवानगी कशी देणार?"

"बरं," तो म्हणाला.

"अर्जात खोटं लिहिलं म्हणून लेखी ताकीद मिळेल. पुन्हा असं झालं तर घर जाईल, हे नीट लक्षात ठेवा. आणि ही घ्या नोटीस. विनापरवाना बांधकाम भाडेकरूने पंधरा दिवसांत स्वखर्चाने काढावं आणि जागा नकाशाप्रमाणे करावी." तिने कागद पुढे धरला. "परवानगीला तीन महिने लागतात. नोटिशीला लागत नाहीत."

त्याने कागद दोनदा वाचला. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण पेनाच्या टोपणाची ती उगाचच उघडझाप करत होती.

"नकाशात उतार कुठे दाखवलाय, मॅडम?"

"पाणी जायच्या जाळीकडे."

"मग मंडळानं दिला होता तो नाही, नकाशातला देतो."

"नोटिशीत तेच लिहिलंय."

"आणि भिंतीला धरायला दोन दांडे?"

"त्याला माझी सही चालते. सहाच्या वर भोकं पाडायची नाहीत."

"सहाच लागतात," तो म्हणाला. "आणि पंधरा दिवस कशाला? चार पुरेत."

चार दिवस इमारतीत ठोकाठोक चालली. उंबरा सहजासहजी हलेना. त्याने तेव्हा मालच असा कालवला होता की छिन्नीची धार दोनदा लावावी लागली. पलंगावरून बायको म्हणाली, "जरा वाईट काम करायला शिकला असतास तर काय बिघडलं असतं?" शेजारीण डोकावून गेली, आमच्या सासूबाईंसाठी आमचाही काढा म्हणाली. संध्याकाळपर्यंत आणखी तिघांची नावं आली. मिस्त्रीने फरशी उकरली, नवा थर घातला, जाळीकडे उतार दिला, सहा भोकांत दोन दांडे बसवले आणि त्यांना आपल्या सगळ्या वजनाने लटकून पाहिलं. दार नव्या थराला घासत होतं, तेवढं खालून अर्धा इंच तासलं.

मग माल वाळेपर्यंत आणखी तीन दिवस थांबायला लागलं. हे दिवस काही संपता संपेनात.

चौथ्या सकाळी त्याने बादली भरून ठेवली, स्टूल ठेवलं, साबण हाताशी ठेवला आणि सवयीने बाह्या दुमडल्या. बायको चौकट पुढे सरकवत आली. दारात क्षणभर थबकली, खाली पाहिलं आणि चौकट सरळ आत नेली.

"मी इथंच आहे," तो म्हणाला. "दार नुसतं लोटून घे. कडी नको लावूस."

दार लोटलं गेलं आणि आतून कडी लागली.

पाण्याचा आवाज सुरू झाला. पहिला तांब्या, मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी आतून कसलंसं गुणगुणणं ऐकू आलं. बाहेर उभं राहायचं आता काही काम नव्हतं. बाह्या दुमडलेल्याच ठेवून तो उभा राहिला.