काळ्यातले तीळ

“बघ गं, एकही तीळ ठेवला नाही!”

इत्सुको दारात चपला काढते न काढते तोच यांनी तिच्यासमोर कागद धरला. बाह्या वर खोचलेल्या, कपाळावर शाईचा फराटा, आणि चेहरा असा खुललेला की आमच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता.

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. हातातली मुळ्याच्या लोणच्याची पुडी तिने तशीच उंबऱ्यावर ठेवली.

“बाबा, हे काय केलंत तुम्ही?”

आमचे हे छापणारे. क्योतोतल्या एका प्रकाशकाकडे यांचा जन्म गेला. चित्र काढणारा वेगळा, लाकडात कोरणारा वेगळा. यांनी फक्त फळीला रंग लावायचा, वर ओला कागद घालायचा आणि बारेनने घासायचा. बारेन म्हणजे तळहातात मावणारी गोल चकती, बांबूच्या सालीत गुंडाळलेली. स्वतःच्या बारेनला मीसुद्धा हात लावलेला यांना खपत नाही. रंग नीट बसला नाही की कागदावर बारीक पांढरे ठिपके राहतात, त्यांना आम्ही तीळ म्हणतो. उमेदवारीच्या काळात त्या तिळांपायी यांनी उस्तादाच्या थपडा खाल्ल्या. मग यांचा हात असा बसला की काळा रंग कसा असावा, तर योसाबुरोच्या हातचा, असं सगळी गल्ली म्हणायची. मी पालकाच्या भाजीवर तीळ भुरभुरले की हे अजूनही म्हणतात, “तुझा हात अजून कच्चाच आहे.”

गेल्या वर्षी प्रकाशकाने दुकान बंद केलं. तेव्हापासून हे घरात बसून होते. हात शिवशिवायचे, मग माझ्या खिडक्यांच्या काचा घासायचे.

इत्सुको दिवसा कागदाच्या दुकानात काम करते आणि रात्री घरी, मागच्या खिडकीपाशी, स्वतःची चित्रं छापते. ती नव्या मंडळींतली. स्वतः काढायचं, स्वतः कोरायचं, स्वतः छापायचं, असा त्यांचा नियम. काढतात काय, तर काही नाही! या वेळी कागदभर एक मोठा काळा आकार होता, वर लाल तिरकी रेघ. मी म्हटलं, “कढईचा तळ का गं?” ती हसली. “आई, हे कशाचं चित्र नाहीये. ते स्वतःच आहे, तू आहेस तसं.” मला कळलं नाही, पण ऐकून बरं वाटलं.

प्रदर्शनाचा माणूस उद्या सकाळी ती चित्रं न्यायला येणार होता. यंदा पहिल्यांदाच तिला जागा मिळाली होती. आणि आज दुपारी यांची नजर वाळत घातलेल्या कागदांवर गेली. काळ्यात सगळीकडे तीळ! छापणाऱ्याची पोर, आणि साऱ्या क्योतोसमोर हे असं टांगणार? यांनी कागद पुन्हा ओले केले, तिच्याच फळीला शाई लावली आणि सगळ्यांवर परत छापलं. मी स्वयंपाकघरात होते. इतक्या महिन्यांनी बारेनचा आवाज ऐकला आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले. काय छापताय, हे विचारायचंच राहिलं.

“ते तीळ मी मुद्दाम पाडले होते,” इत्सुको म्हणाली.

“मुद्दाम?” हे हसले. “मुद्दाम कोणी स्वतःचं नाक कापून घेतं होय?”

“त्या तिळांतूनच काळा श्वास घेत होता, बाबा. तुम्ही तो बुजवलात. आणि दुसऱ्याच्या हातचं छापलेलं तिथे चालत नाही.”

यांचं हसू मावळलं. हे मटकन खाली बसले आणि कपाळावरची शाई पुसायला लागले; ती आणखीच पसरली.

पोर रडली नाही. तिने एप्रनची दोरी बांधली, उरलेले कोरे कागद ओले केले आणि फळीपाशी बसली. हे सरकत सरकत तिच्या शेजारी.

“शाईत खळ कमी पडतेय.”

“कमीच हवी.”

“हात किती हलका! जेवली नाहीस का?”

“बाबा, गप्प बसा नाहीतर बाहेर जा.”

हे गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा. तिने पहिला कागद सोलून काढला तसा यांनी तो उजेडात तिरका धरला. बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता फाडतात.

“तीळ सगळीकडे सारखे पडलेत,” हे म्हणाले.

“हो.”

“कडेलासुद्धा. परत एक काढ.”

तिने काढला. तोही तसाच. यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे मान वळवली. “मला नसतं जमलं हे. माझे तीळ नेहमी एकाच कोपऱ्यात पडायचे. पोरीने चुकीलासुद्धा वळण लावलंय गं!” छाती अशी फुगली होती की जणू यांनीच शिकवलं होतं.

सगळं छापून झाल्यावर इत्सुकोने चित्रांखाली पेन्सिलीने आपलं नाव घातलं. मग दुपारचे कागद यांच्यापुढे ठेवले आणि वर पेन्सिल.

“हे तुम्ही छापलंत. जो छापतो त्याचं नाव. आमच्यात तसंच असतं.”

“माझं?” हे माझ्याकडे बघायला लागले. आजवर यांच्या हाताखालून किती चित्रं गेली, एकावरही यांचं नाव नाही.

यांनी पेन्सिल धरली. कागदाच्या अगदी टोकाला, मुंगीएवढ्या अक्षरात यांनी लिहिलं, योसाबुरो.

“इतकं कडेला का?” मी विचारलं.

“प्रकाशक कडा कापतो ना. चित्राला धक्का नको.”

इत्सुकोने यांच्या खांद्यावर हात ठेवला. “बाबा, हे कोणी कापणार नाहीये.”

यांनी दुसरा कागद पुढे ओढला, कपाळाची शाई बाहीला पुसली, आणि या वेळी बोटभर आत, काळ्याच्या अगदी लगत, नाव लिहायला घेतलं.