तेंदूच्या गाठीची साक्ष

मी पोतं बोलतंय. तागाचं, साधं. पण सध्या परदेशातल्या एका न्यायालयात काचेच्या कपाटात बसलंय, तेव्हा थोडा रुबाब सहन करा.

मूल गावच्या राइस मिलमध्ये माझ्यात तांदूळ भरला आणि मंगलीबाईनं दाभण-सुतळीनं माझं तोंड शिवलं. दर उन्हाळ्यात जंगलात विड्यांसाठीच्या तेंदूपत्त्याचे पुडे बांधणारी बाई ती. शेवटी सवयीनं पुड्याचीच गाठ मारून बसली.

मुकादम बापूजी खेकसले, "हे पोतं हाय, पुडा नाई! काऊन अशी गाठ मारून राह्यली?"

"पक्की बसते, बापूजी," म्हणत तिनं पुढचं पोतं ओढलं.

आम्ही समुद्रापार निघालो, युद्धानं उपाशी पडलेल्या गावांसाठी. अंगावर मदतीचा निळा शिक्का होता. वाटेत त्या गावांवर चालून आलेल्या शेजारच्या देशाच्या फौजेनं ट्रक अडवले. काही तांदूळ पेटवला, बाकीचा पळवला. माझी कूस फाडली, शिक्क्यावर काळा रंग फासला आणि मला चौकीच्या दारात पाय पुसायला टाकलं. फार लाज वाटली मला.

पुढे खटला उभा राहिला आणि चौकीत सापडलेलं मी पुरावा म्हणून न्यायालयात आलं. तिथं त्यांचा अधिकारी म्हणाला, "मदतीची पोती आम्ही पाहिलीच नाहीत. हे आमच्या बाजारातलं." चोराच्या उलट्या बोंबा! तो सुटलाच असता. पण सुखरूप पोचलेल्या थोड्या पोत्यांवर माझ्यासारखीच गाठ त्या गावांच्या वकीलबाईंना दिसली. शोध घेत त्या मूलपर्यंत पोचल्या.

मंगलीची साक्ष मोबाइलवर, व्हिडिओ कॉलनं झाली. मोबाइल बापूजींनीच धरला होता!

"अशी गाठ कोणीही मारील," समोरचा वकील म्हणाला.

"मंग मारून दाखवा म्हना त्याहिले."

तो सुतळीशी झटत राहिला, लोक हसले. मंगलीनं डाव्या हातानं क्षणात गाठ मारली. ती माझ्या गाठीशी तंतोतंत जुळली. मग तिनं विचारलं, "पन साहेब, त्या लेकरायनं मंग काय खाल्लं?"

न्यायाधीशांनी तो प्रश्न लिहून घेतला.

अधिकाऱ्याला शिक्षा झाली. जेवढा तांदूळ गेला तेवढा त्या देशानं भरून द्यावा, असा हुकूम निघाला. पहिली खेप त्यांनी मूलहूनच विकत घेऊन पाठवली. बापूजी म्हणाले म्हणे, "मंगली, गाठ तुहीच मार वो."

परवा वकीलबाईंनी काचेला फोटो टेकवून मला दाखवला. त्या उपाशी गावांतली एक म्हातारी ती गाठ नखानं सोडवत बसलेली, शेजारी चुलीवर पातेलं चढलेलं. माझा जीव निवला.

मी फाटकं, मला आता कोणी भरणार नाही. पण तुमच्या पोत्याची कूस वाटेत कोणी फाडली, तर गप्प बसू नका. तो कितीही दूरचा, कितीही मोठा असो, त्याला उभं करून विचारा, लेकरांनी मग काय खाल्लं?